शेवटचा पीळ त्यांचा

आमच्या घरी गाडीचं ऑईल दुकानात बदलत नाहीत. नांदेडात गल्लोगल्ली गॅरेज आहेत, आमच्याच कोपऱ्यावर दोन आहेत, पण माझ्या नवऱ्याचा त्या अख्ख्या जमातीवर विश्वास नाही. तसा त्यांचा विश्वास कशावरच नाही म्हणा. शिंप्याकडून उरलेल्या चिंध्यासुद्धा मागून आणणारा आणि पिठाच्या गिरणीत डब्याला खेटून उभा राहणारा हा माणूस. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, तिथेही दुसऱ्यानं केलेली बेरीज परत करून बघायचे.

गॅरेजवरचा राग मात्र साधार होता. लग्नानंतर आम्ही मोटारसायकलवर माझ्या माहेरी लातूरला निघालो होतो, चुलत बहिणीच्या हळदीला. लांबचा रस्ता म्हणून आदल्या दिवशी त्यांनी गाडी दुकानात दाखवली, ऑईल बदलून घेतलं. अहमदपूरच्या अलीकडे इंजिन जाम झालं. तिथल्या मेकॅनिकनं उघडून बघितलं तर आत जेमतेम निम्मं ऑईल. बाकीचं डब्यातच राहिलं असणार, आणि डबा दुकानदाराकडे. भर उन्हात आम्ही एका पत्र्याच्या शेडखाली बसून राहिलो, हळद तर चुकलीच. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगतात की दर वेळी ऊन जरा वाढतं आणि ऑईल जरा कमी होतं.

तेव्हापासून ऑईल घरी. रविवारी सकाळी जुनं वर्तमानपत्र अंथरून, बनियनवर, तोंडानं काहीतरी गुणगुणत. गाडी थोडा वेळ चालू ठेवायची म्हणजे ऑईल पातळ होतं. मग मेन स्टँडवर चढवायची, खाली डबडं ठेवायचं, पान्यानं खालचा बोल्ट काढायचा. काळं ऑईल गळून गेलं की बोल्ट बसवायचा आणि वरून नरसाळ्यानं नवं ओतायचं. निघालेलं काळं ऑईल शेजारी चौकटीला लावायला न्यायचे, वाळवी लागू नये म्हणून. एकदा मी म्हणाले, अहो, एवढं हौसेनं तर तुम्ही आपल्या मुलाचंही न्हाणं केलं नाही. तर म्हणाले, त्याला बोल्ट कुठं हाय.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखाना, मग घरी रोज व्यायाम घ्यायला येणारा माणूस, गोळ्या, मालिश. हळूहळू काठी टेकत चालायला लागले, बोलणंही सुधारलं. उजव्या हातात मात्र पकड आली नाही. डॉक्टर म्हणाले, त्याच हाताला काम देत राहा, येईल. मग ते सगळं उजव्या हातानं करायला बघायचे. चमचा, कंगवा, टीव्हीचा रिमोट. पडायचं, उचलून द्यायचं. परत पडायचं, परत उचलून द्यायचं. उचलून देणारी मी.

मी शिक्षिका आहे. शाळा अर्धापूरच्या पुढे, रोज याच गाडीनं जाणं-येणं. सकाळी त्यांची आंघोळ, गोळ्या, डबा झाकून ठेवणं, मग शाळा. शाळेत पोरं कमी आणि कागद जास्त, कुठला ना कुठला सर्वे आमच्या गळ्यात असतोच. संध्याकाळी परत घर. मला कुणी विचारलं असतं की काय हवंय, तर मी एकच सांगितलं असतं, कुणीतरी एक काम माझ्या हातातून काढून घ्या. कुठलंही.

म्हणून झटक्यानंतर पहिल्यांदा ऑईल बदलायची वेळ आली तेव्हा मी सरळ गाडीची चावी घेतली. ते दारात खुर्चीवर बसले होते.

"कुठं?"

"ऑईल बदलून आणते कोपऱ्यावरून."

"का? घरात माणूस न्हाई का?"

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते. मी चावी ठेवली आणि वर्तमानपत्र शोधायला आत गेले.

त्या दिवसापासून ते खुर्चीवर बसून सांगणार आणि मी करणार. गाडी मेन स्टँडवर चढवताना माझी कंबर कामातून जायची. फरशीवर गुडघे टेकून गाडीखाली डोकं घालायचं, कढत ऑईल बोटांवर घ्यायचं, आणि वरून सूचना: "पाना सरळ धर की. असं न्हाई. उलटं फिरवायलीस तू." त्यांच्या गावाकडचा, निलंग्याचा हेल आजारपणात जास्तच ठळक झाला होता. पुण्याहून मुलाचा फोन आला की तो हमखास म्हणायचा, "आई, दुकानात टाक ना गाडी, कशाला त्रास करून घेतेस?" त्याला काय जातंय म्हणायला. तो तिकडे, आणि दारातल्या खुर्चीवरचे डोळे माझ्यासमोर.

एक काम तेवढं त्यांचं होतं. बोल्ट मी बोटानं बसवायचा आणि पान्यानं शेवटचा पीळ त्यांनी द्यायचा. त्यासाठी मी त्यांना धरून खाली पाटावर बसवायची. ते पाना उजव्या हातात घ्यायचे. बोटं त्याच्याभोवती एकेक करून डाव्या हातानं वळवावी लागायची. मग दातओठ खाऊन पीळ द्यायचे, मानेच्या शिरा फुगायच्या, पाना सटकायचा, परत लावायचे. शेवटी म्हणायचे, "झालं. आता हालत न्हाई." आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "मागच्यापेक्षा बरं हाय ना?"

"बरंच बरं आहे," मी म्हणायची.

त्या दिवशी घरात सणासारखं वाटायचं. दुपारी भाकरी जास्त जायची. मुलाला फोन करून सांगायचे, आज ऑईल बदललं. एरवी रोज कुणी भरवतंय, कुणी न्हाऊ घालतंय, पण त्या बोल्टपाशी ते पूर्वीसारखे घरातले कर्ते होते. आणि त्यांच्या मनात त्याहून मोठं काही होतं, हे मला कळत होतं. हात परत येतोय की नाही, हे ते त्या बोल्टला विचारत होते.

बोल्ट काय सांगणार? पहिल्याच वेळी, ते आत जाऊन आडवे झाल्यावर, मला शंका आली म्हणून मी गाडीखाली वाकून पाना लावला. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. मी घट्ट केला, पाना पुसून जागेवर ठेवला आणि आत येऊन चहा टाकला. पुढे दर वेळी हेच. ते झोपले की कचरा टाकायचं निमित्त करून बाहेर जायचं आणि पीळ द्यायचा. एवढंसं काम. पण ते करून आत आले की त्यांच्याकडे बघवायचं नाही. त्यांच्या माघारी त्यांची चुगली करून आल्यासारखं वाटायचं.

या हिवाळ्यात मात्र मी पुरती दमून गेले. शाळेत तपासणी होती, एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर, तिचाही वर्ग माझ्याकडे. त्या रविवारी ऑईल बदललं, त्यांनी पीळ दिला, "झालं" म्हणाले. जेवण करून मी जरा पाठ टेकली. टेकली तशी आठवण झाली, बोल्ट राहिलाय. दिवाबत्तीच्या वेळी करू, म्हटलं. दिवाबत्तीला पाहुणे आले, निलंग्याकडचे, त्यांची तब्येत बघायला. पोहे, चहा, मग जेवायलाच थांबा. ते गेल्यावर आठवलं तेव्हा मी भांडी घासत होते. सकाळी करू, म्हटलं. आणि सकाळी नेहमीचीच पळापळ. गाडी काढली आणि निघाले.

शहर संपून केळीच्या बागा सुरू झाल्या आणि इंजिन कडकडायला लागलं. मागून एका मोटारसायकलवाल्यानं येऊन ओरडून सांगितलं, "ओ बाई, गाडीतून ऑईल गळायलंय!" थांबून बघते तर मागे रस्त्यावर लांबपर्यंत तेलकट रेघ, माझ्या सलवारीवर शिंतोडे, आणि बोल्ट एकदोन आट्यांवर लटकलेला. मला लगेच सगळं कळलं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि खरं सांगते, मला भीती नाही वाटली, रागही नाही आला. एवढंच वाटलं, आता ही गाडी ढकलायची.

ढकलत गॅरेज गाठलं. मेकॅनिकनं वाकून बघितलं.

"कुणी बदललं ऑईल?"

"घरीच."

"बोल्ट आवळलाच न्हाई की. नशीब तुमचं, लवकर थांबलात, न्हाईतर इंजिन गेलं असतं. असली कामं घरी करू नये बाई."

"मीच केलं," मी म्हणाले. "करा तुम्ही आता."

त्याच्या बाकड्यावर बसले. शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. बाजूच्या टपरीवरून चहा आला. तो माणूस माझ्या गाडीखाली वाकला होता, त्याची कंबर वाकली होती, माझी नाही. मी नुसती बसले होते. कुणी सूचना देत नव्हतं, कुणाला पाटावरून उठवायचं नव्हतं. एवढं सोपं असतं हे? माझे डोळे भरून आले. चहा कढत होता असं दाखवून मी पदर, म्हणजे ओढणी, डोळ्यांना लावली.

तेवढ्यात फोनकडे लक्ष गेलं. गाडीवर असताना त्यांचे बरेच फोन येऊन गेले होते. लावला.

"पोचलीस का?"

"पोचले की. वर्गात होते."

"गाडी बरी चालायली ना?"

"चालायली. का हो?"

"काही न्हाई," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

मी ठरवलं, त्यांना सांगायचं नाही. सांगून काय होणार? तो हात आणखी गळून जाईल. शाळेच्या नळावर सलवारीचे डाग साबणानं चोळले, पोरांना शिकवलं, तपासणीचे कागद भरले आणि संध्याकाळी घरी आले.

ते दारात खुर्चीवर होते. सदरा पोटापर्यंत ओला. रोज गाडी लावायच्या जागी फरशीवर कपडे धुवायची पावडर पसरलेली, तिच्याखाली भाकरीएवढा तेलकट डाग, घासघासून फिकट झालेला. बाजूला ब्रश पडला होता. हे एकटे खाली बसले होते, एकटेच उठले होते.

"पडला असतात म्हणजे?"

"किती गळालं?" त्यांनी विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. "बरंच. पण इंजिन वाचलं. दुकानात भरून घेतलं."

त्यांनी मान हलवली. मी ब्रश उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या मागून तू फिरवायचीस ना बोल्ट. दर वेळी."

मी वाकलेलीच राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पाना मी ठेवायचो तसा नसायचा. पहिल्यापासून म्हाईत हाय मला."

"मग बोलला का नाही कधी?"

"तू बी बोलली न्हाईस."

म्हणजे "बरं हाय ना" म्हणून विचारायचे तेव्हाही त्यांना ठाऊक होतं, आणि मी "बरंच बरं" म्हणायची तेव्हाही. दोन वर्षं आम्ही दोघं त्या पाटापाशी एकमेकांना सांभाळत बसलो होतो. हात येणार नाही, हे बोल्टनं त्यांना कधीच सांगून टाकलं होतं.

"काल का न्हाई फिरवलंस?" त्यांनी विचारलं. त्यात ठपका नव्हता. चावीच्या वेळी विचारलं होतं तसंच, खरंच विचारत होते.

कारणं पुष्कळ होती. पाहुणे, शाळा, सकाळची घाई. पण खरं होतं ते एकच.

"दमले होते हो," मी म्हणाले. "आठवलं होतं. उठवलं नाही."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी डाव्या हातानं उचलून खुर्चीच्या हातावर नीट ठेवला.

"पुढच्या टायमाला दुकानात टाक गाडी," ते म्हणाले. "डबा तेवढा समोर रिकामा करून घे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी दोन वर्षं टपून बसले होते. आता मी म्हणायला हवं होतं की नको, आपण घरीच करू, तुम्ही पीळ द्या, मी नंतर बघते, आता तर लपवायचंही काही राहिलं नाही. तेच बरोबर झालं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणते याची वाट बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण अंगात तेवढंही बळ नव्हतं.

मी "बरं" म्हणाले.