उपवासाची गिरणी

लाइट गेली की आमची सगळी गल्ली एका आवाजात ओरडते, "गेली!" गिरणीवाल्या मावशी मात्र आधी खटका खाली ओढायच्या आणि मग बंद पडलेल्या गिरणीसमोर हात जोडायच्या. "देवा, एवढा वेळ लाइट दिलीस, उपकार झाले." दिवेलागणीला दिव्याला हात जोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गेलेल्या लाइटला जोडणारी मी ही एकच पाहिली.

डोंबिवलीत शुक्रवारी लाइट जाते हे तुम्हाला काय सांगायचं! गेली की मावशी दळणाला आलेल्या बायकांना पालथ्या डब्यांवर बसवायच्या आणि देवाचं नाव घ्यायला लावायच्या. अंगाची काहिली होत असायची, पापण्यांवर पीठ, केस पिकलेत की पीठ बसलंय ते कळायचं नाही, आणि बाई हसतेय! मला याचाच राग यायचा.

मी चौथी नापास. पण उभं आयुष्य कारखान्यात मशीनवर काढलेलं, त्यामुळे मशीनचं मला कोणी शिकवायचं नाही, असा आपला खाक्या. लाइट गेली की मी वीज ऑफिसला फोन लावून ओरडायचो.

"भाऊ," मावशी म्हणायच्या, "तुमच्या ओरडण्यावर गिरणी चालली असती तर मी मीटर कशाला घेतला असता?"

बायका फिदीफिदी हसायच्या. मी म्हणायचो, "तुमचा देव तरी कुठे चालवतोय?"

"देतो तेव्हा आपण घड्याळ बघत नाही, भाऊ. थांबला की लगेच बघतो."

मग मी आणखी जोरात ओरडायचो.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्या गिरणीत फक्त उपवासाचं दळण. भगर, राजगिरा, साबुदाणा. त्यासाठी मावशी आधी गिरणी उघडून दगड ब्रशने घासायच्या, कापडाने पुसायच्या, पीठ पडतं तिथली कापडी बाही नवी लावायच्या. गव्हाचा कण लागला तर उपवास मोडतो. ठाकुर्लीहून बायका यायच्या त्या या भरवशावर.

एका वर्षी तो दिवस नेमका शुक्रवार निघाला. मी गहू घेऊन गेलेलो.

"आज गहू नाही, भाऊ. परवा या."

"थोडाच आहे."

"दोन दाणे असले तरी नाही."

तेवढ्यात लाइट गेली. उकाड्याने बायका हैराण. मावशी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात सावलीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "डब्यांकडे बघा जरा."

मी बघत बसलो. लाइट आली. वाट पाहिली, कोणी येईना. पुन्हा गेली तर? आणि मशीन ती मशीन, तिला कसला उपवास? मी खटका वर केला आणि माझा गहू ओतला.

आवाज ऐकून मावशी धावत आल्या, बायका मागून. त्यांनी बाहीखाली हात धरला, पीठ चिमटीत घेतलं, वास घेतला. खटका बंद केला. माझ्या डब्याला झाकण लावून तो माझ्या हातात दिला. तोवर बायका दारात.

"बायांनो, गिरणीला गहू लागलाय. आज उपवासाचं दळण होणार नाही. डबे न्या."

"अहो, पण गहू घातला कोणी?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझंच लक्ष नव्हतं."

बायका पुटपुटत पुलाकडच्या नव्या गिरणीला गेल्या. मी गरम डबा पोटाशी धरून उभा. आता ही बाई बोलेल, शिव्या देईल, म्हणजे मलाही भांडता येईल. ती टेकून बसली आणि म्हणाली, "महादेवाने आज सुट्टी दिली. पाठ दुखतच होती माझी."

मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही. बायकोचीही नाही. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तुमचा पट्टा सैल झालाय."

"मग द्या घट्ट करून," मावशी म्हणाल्या.

दिला. आणि घरी आलो. त्या पिठाच्या पोळ्या महिनाभर खाल्ल्या. टाकवेना आणि गिळवेना.

उपवासवाल्या निम्म्या बायका पुन्हा आल्या नाहीत. मावशींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र दर वेळी "या भाऊ" म्हणायच्या, तेच जास्त लागायचं. पुढे मावशींचे गुडघे गेले, गिरणीचं शटर पडलं आणि त्या खडवलीला मुलाकडे गेल्या. उद्या जाऊन सांगू, परवा जाऊ, करत राहिलो. त्या गेल्याचीच बातमी आली.

यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवशी जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई भगरीचा डबा घेऊन खाली येत शेजारणीला सांगत होती, "ती जुनी गिरणीवाली ना, उपवासाच्या पिठात गहू मिसळायची म्हणे."

मी कठडा धरला. "गहू मी घातलेला."

"काय आजोबा?"

"मी. तिने नाही. तिचं लक्ष होतं."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "बरं बरं, आजोबा," सूनबाई हळूच म्हणाली, "बसा इथे जरा. ऊन लागलंय तुम्हाला. पाणी आणू?"

पाणी नको म्हटलं. तरी पायरीवर बसलोच. त्या दोघी डबे घेऊन पुलाकडच्या गिरणीला निघून गेल्या.