राहीबाईचा कोथिंबिरीचा वाफा

शिराळ्याच्या राहीबाईला वेड लागलं ते कोथिंबिरीचं. कारण तिचा नवरा, लालासाहेब. लढाईचे दिवस, तो पलटणीत. मागल्या खेपेला रजेवर आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "तिथं सगळं उकडल्यालं गं. हिरवं पान म्हणून दिसत न्हाई. कोथिंबिरीचा वास आठवायचा आन् घास गिळायचा."

झालं! बाईनं मनाशी धरलं, पुढल्या खेपेला ह्यांना आपल्या परड्यातली कोथिंबीर पोटभर खाऊ घालायची.

न्हाणीच्या पाण्याला लागून वाफा केला. मसाल्याच्या डब्यातले मूठभर धणे घेतले आणि दिले पेरून. रोज उकिडवी बसून बघायची. वाफा आपला ढिम्म.

सासू मनुबाईनं विचारलं, "धनं कुठलं घेतलंस?"

"डब्यातलं की, आत्याबाई."

"आगं, त्ये चटणीसाठी भाजल्यालं! आता शेजारी मीठ-मिरची बी पेर, म्हंजे थेट चटणीच उगवंल!"

मग काय, आळीतल्या बाया पाण्याला निघाल्या की हाळी द्यायच्या, "राहीबाई, चटणी काढणीला आली का गं?"

पण बाई हटली नाही. कच्चे धणे आणले, वहाणेखाली रगडून त्यांच्या फाका केल्या, शेणखतात पेरले. एका कडेनं पुदिना लावला. पावसानं झोडपू नये म्हणून वर उसाच्या पाचटाचं छप्पर. आषाढात वाफा असा तरारला की वास उंबऱ्यापर्यंत! पण काडी कुणाला मोडू देईल तर शपथ. आमटीतसुद्धा नाही.

मनुबाई म्हणायची, "लोक देवाला बोकड सोडत्यात, आमच्या सुनंनं नवऱ्याला कोथिंबीर सोडलीया."

आणि लालासाहेब उगवला तो नेमका नागपंचमीला! पलटण दुसरीकडं हलणार होती, म्हणून एका दिवसाची सवड. पहाटेच्या मोटारीनं माघारी.

आता पंचमीला तवा पालथा आणि विळी कोनाड्यात. चिरायचं नाही, भाजायचं नाही, पान खुडायचं नाही. नागोबाला इजा होते. जेवायला काय, तर उकडलेली पुरणाची दिंडं.

लालासाहेब ताटाकडं बघतच राहिला. "आये, हितं बी उकडल्यालंच?"

राहीबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्याबाई, चारच काड्या..."

"काडी न्हाई आन् पान न्हाई. सण हाय."

तेवढ्यात गोठ्यातली शेरडी दावं तोडून वाफ्यात घुसली. राहीबाई ओरडत धावली, "आत्याबाई, हिला तरी सांगा की, सण हाय म्हणून!"

"मुक्या जनावराला कुठला सण? त्याला दोष लागत न्हाई."

लालासाहेबानं हे ऐकलं मात्र, उठला. शेरडी खुंट्याला बांधली. पटका काढून उंबऱ्यावर ठेवला, वाफ्यापाशी गुडघे टेकले, हात पाठीमागं धरले, मान खाली घातली आणि लागला की गपागप चरायला!

"आवं, ह्ये काय!"

तो कशाला बोलतोय? मुकं जनावर ना!

मनुबाई काठी उगारून आली ती तशीच थांबली. "लाला! पलटणीत ह्येच शिकीवलं व्हय रं?"

"ब्यां!"

राहीबाई हसून हसून मटकन खाली बसली. "कशी लागतीया? सांगा की वो!"

त्यानं मान वर केली. मिशांना कोथिंबीर, नाकाला माती, डोळे मिटलेले. पोर दूध पिऊन सुस्तावतं ना, तसा चेहरा. मान डोलवली आणि पुन्हा तोंड वाफ्यात.

मनुबाई वाफ्यापाशी आली. मग काठी टाकली आणि सुनेला म्हणाली, "माजा दंड धर. गुडघा वाकत न्हाई. इतकं दिस नुसत्या वासावर ठेवलंस मला!"

सासू एका कडेला, लेक दुसऱ्या कडेला. पुदिन्याकडची बाजू राहीबाईनं धरली.

खुंट्याला बांधलेली शेरडी तेवढी बोंबलत होती.