क्युबाच्या माणसाची सही

आयोजकानं माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. बाजारात बैल बघतात तसं. मग शेजारी बसलेल्या आपल्या भाच्याकडं बघून म्हणाला, "हा चालेल. रंग पक्का आहे, केस कुरळे आहेत. क्युबाचा म्हणून खपेल."

जळगावातलं त्याचं ऑफिस. काचेचं टेबल. टेबलावर माझी तीन पदकं. घरून रुमालात बांधून नेली होती. मी बॉक्सर म्हणून लढत मागायला गेलो होतो. माझ्या नावानं, पैसे घेऊन खेळायची पहिली लढत. त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं एका बोटानं पदकं माझ्याकडं सरकवली.

"या आडनावावर तिकीट कोण काढणार? तुमची पोरं जयंतीला नाचतात, तिकीट काढत नाहीत."

भाचा हसला. मीही हसलो. हे लिहिताना आजही कान तापतात. मी हसलो.

ठरलं ते असं. भाचाही बॉक्सर, त्याला मोठा करायचा होता. त्यासाठी परदेशी माणूस हरवायला हवा. क्युबा लहानसा देश, पण बॉक्सिंगमध्ये त्याचं नाव जगभर. मी क्युबात जन्मलेला बॉक्सर व्हायचं. तोंड उघडायचं नाही. तिसऱ्या राऊंडला खाली बसायचं, म्हणजे ठरवून हरायचं. आधी जळगावात, मग धुळ्यात. "तिसऱ्या खेपेला तुझ्या नावानं लावतो," भाऊ म्हणाला. आयोजकाला सगळे भाऊ म्हणत.

मी हो म्हणालो. मला कुणी बांधून नेलं नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं कुठं मी चांगला दिसलो तर तेवढ्यावर भाळू नका.

आता उस्तादांचं सांगतो. उस्ताद पाचोऱ्याला गाद्या भरतात. छोटं दुकान, सगळीकडं कापूस. तरुणपणी ते स्वतः लढायचे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी कापूस ठासून एक पोतं टांगलं होतं. त्या पोत्यावर मी नऊ वर्षं ठोसे मारले. एक पैसा घेतला नाही त्यांनी. कधी जात विचारली नाही. हाताला बांधायच्या पट्ट्या विकत आणायची आमची ऐपत नव्हती, तर गादीच्या पट्टेरी खोळीचं कापड फाडून त्यांनी पट्ट्या केल्या. निळ्या-पांढऱ्या. बांधून झाल्या की मनगटावर गाठ मारायचे. गादीचा टाका पक्का करतात ती गाठ. एक टोक ओढलं की सुटते, नाहीतर सुटत नाही.

दुकानात भिंतीला एकच कागद. वर्तमानपत्रातून कापलेला, पिवळा पडलेला क्युबाच्या बॉक्सरांचा फोटो. उस्ताद आमच्या अहिराणीत सांगायचे, "गरीब देशनी पोरं शेतस ही. कोनासमोर वाकत नई." मला शिकवताना रोज त्या कागदाकडं बोट जायचं.

उस्तादांना मी सांगितलं होतं, पुण्याला सरावाला जातोय.

जळगावचा खेळ पार पडला. मी तिसऱ्या राऊंडला बसलो. कुणी ओळखलं नाही. आपला माणूस असा कुठं उभा असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. मला सोपं वाटलं. खरं सांगतो, फार सोपं वाटलं.

मग धुळे. कपडे बदलायच्या खोलीत मी हातांना पट्ट्या बांधून बसलो होतो. त्याच, निळ्या-पांढऱ्या, मनगटावर उस्तादांचीच गाठ. दुसऱ्या पट्ट्यांत मूठच बसत नाही माझी. दार उघडलं आणि उस्ताद आत आले. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी. हातात भिंतीवरचा तो कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. पोस्टर बघून बसनं आले होते; त्यावर फोटो फक्त भाच्याचा होता. क्युबाचा माणूस आपल्या मुलखात आलाय म्हणून.

"भाऊ, एक सही मिळेल का यांची?" त्यांनी आयोजकाला विचारलं.

"त्याला भाषा येत नाही चाचा. पटकन घ्या अन् निघा."

उस्ताद माझ्याकडं वळले. आधी तोंडाकडं बघितलं. मग हातांकडं. पट्ट्यांकडं. गाठीकडं. नजर तिथंच थांबली.

मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. उस्ताद, एवढाच शब्द. भाऊ माझ्याकडं बघत होता. भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, तिसरी खेप. माझ्या नावाची लढत. मी पेन घेतलं. त्यांनी जिवापाड जपलेल्या कागदावर इंग्रजीत काहीतरी गिरगटलं. खोटं नाव. खोटी सही.

उस्तादांनी कागद घेतला. परक्या माणसाला करतात तसा सलाम केला. "शुक्रिया," म्हणाले आणि गेले.

मी रिंगमध्ये चढलो. निवेदक माइकवरून माझं आयुष्य सांगायला लागला. "बाप ऊस तोडायचा! पोरगं उपाशीपोटी सराव करायचं! गरिबीतून वर आलेला क्युबाचा वाघ!" टाळ्यांचा कडकडाट. माझा बापही ऊसच तोडायचा. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर. मीही उपाशीच पोत्यावर ठोसे मारायचो. सगळं माझंच होतं. पण क्युबाचं म्हणून त्याला टाळ्या होत्या. माझं म्हणून सांगितलं असतं तर पदकांसारखं बोटानं सरकवलं असतं.

उस्ताद तिसऱ्या रांगेत होते. रिंगकडं बघत नव्हते. पिशवी मांडीवर ठेवून खाली बघत होते.

तिसरा राऊंड. भाच्यानं मला मिठीत धरलं आणि कानात म्हणाला, "बस ना रे आता. सवय आहे ना तुम्हाला खाली बसायची."

मी तिसऱ्या रांगेकडं बघितलं. उस्तादांची खुर्ची रिकामी. दाराकडं जाणारी पाठ तेवढी दिसली.

मी भाच्याला ढकललं. दातांवरचं रबर थुंकलं. पोटातून जे आलं ते घरच्या बोलीत आलं.

"मी बसनार नई! मी क्युबाना नई, मी पाचोरा तालुकाना शे!"

पुढं माझं नाव. पुढं आडनाव. ओरडून.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरे, हाऊ ते आपलाच शे!" आणि सगळे हसले. आपला म्हणे! माझं खरं नाव पोस्टरवर असतं तर यातले किती आले असते?

भाचा तिथंच बावळटासारखा उभा. रेफरीनं खेळ थांबवला. भाऊच्या माणसांनी मला मागच्या दारानं बाहेर काढलं. "या दोन्ही जिल्ह्यांत परत रिंग बघायची नाहीस तू," भाऊ म्हणाला. त्याचं मला काही वाटलं नाही. मी रस्त्यावर उस्तादांना शोधत होतो. बस निघून गेली होती. मी ओरडलो ते त्यांनी ऐकलंच नाही.

दोन दिवसांनी दुकानात गेलो. ते दाभण घेऊन गादीला टाके घालत होते. कागद भिंतीवर परत लागला होता, माझ्या गिरगट्यासकट. मी रिंगमधलं सगळं सांगितलं. त्यांनी टाका पुरा केला. गाठ मारली. मग कागदाकडं बोट केलं.

"ती सही कोनी शे?"

मग त्यांनीच सांगितलं,

"ती क्युबाना माणूसनी सही शे. तुनी नई." एवढं बोलून दुसरी गादी ओढली.

मी पाया पडलो नाही. माफी मागितली नाही. माफी मागून मोकळं होण्याचा हक्क मी त्या खोलीत पेन घेतलं तेव्हाच घालवला. रिंगमध्ये ओरडलो ते खरं आहे. पण माझ्या गुरूला तोंडावर नाकारलं तेही खरं आहे, आणि ते आधी केलं.

आता मी त्या दोन जिल्ह्यांबाहेर लढतो. लहान मैदानांवर. कधी जिंकतो, कधी हरतो. खाली बसत नाही. फॉर्मवर आडनाव आधी लिहितो, मोठ्या अक्षरात. माइकवाल्यानं ते गिळलं तर त्याच्याकडून परत म्हणवून घेतो, आणि म्हणेपर्यंत ग्लोव्हज घालत नाही. पट्ट्या त्याच आहेत, निळ्या-पांढऱ्या. गाठ मात्र साधी मारतो. ती गाठ उस्तादांची आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं मारली तरच माझ्या मनगटावर येईल. नाही मारली, तर मी तसाच लढेन. आडनाव मात्र आता कुणाला विचारून लावणार नाही.