फुकटचा पंप

धाकटी दिवसभर खुर्चीत बसून हृदयाच्या स्नायूची एक पेशी चालवायची. पेशी खरी नव्हे, संगणकात गणितानं रचलेली. ठोका आला की पेशीत कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आवळतो. मग बारीक पंप ते कॅल्शियम कोठारात परत ओढतात, तेव्हा कुठे स्नायू सैल पडतो. बाबांनी उभा जन्म गोदामात पोती वाहिली होती. त्यांच्या लेखी हे काम म्हणजे नुसतं बूड टेकणं.

"आज किती वजन उचललंस गं?" संध्याकाळी त्यांचा टोमणा ठरलेला.

"एक ठोका."

"अगं ए, हिला पाणी दे! पार दमून आलीय," ते आईला ओरडून सांगायचे.

तिची पेशी मात्र भलतीच दणकट निघाली. ठोके कितीही भराभर द्या, दर वेळी पुरती सैल पडायची. विभागाच्या प्रमुख बाई खूश होत्या. त्या पेशीचे आलेख बैठकीत दाखवून त्या धाकटीची नोकरी पुढे चालू ठेवायची मागणी करणार होत्या.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी घराच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिच्याबरोबर जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच बाबांनी कठडा धरला. त्यांचं हृदय आवळतं बरं, पण सैल पडायला वेळ घेतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"उचलायची सवय, पोरी," ते धापा टाकत हसले. "उतरवायला कुणी शिकवलंच नाही."

तिला हसू आलं नाही. कॅल्शियम ओढून परत न्यायला पंपाला इंधन लागतं, आणि ठोके वाढले की ते कमी पडतं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण सुरुवातीला गणित सोपं राहावं म्हणून तिनं इंधन कधीच न संपणारं धरलं होतं. नंतर बदलू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. तिची पेशी दणकट नव्हती, फुकट राबत होती.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. इंधन मोजून दिलं आणि ठोके वाढवले. आलेखाची रेघ खाली यायला निघाली, अर्ध्यातच अडली आणि तिथेच राहिली; पेशी पुरती सैल पडेना.

बाई आल्या आल्या तिनं सगळं दाखवलं; पर्स अजून त्यांच्या खांद्यावरच होती.

"बैठकीच्या दिवशी सांगतेस?"

"काल लक्षात आलं, बाई."

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. "हे आलेख मी दाखवत नाही. पण मग तुझ्यासाठी मागायला माझ्या हातात काही नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली. चालण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलंच. "किती उचललंस?"

"काही नाही. होतं तेही खाली ठेवलं."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आईला हाक न मारता ते स्वतःच उठले, सावकाश, आणि पाणी घेऊन आले.