दारापुढची एक रेघ

साऱ्या हैदराबादेत सरकारला न भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नशीब असं की तो नेमका सरकारी नोकर निघाला. हे म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. गौलीगुड्याच्या एका गल्लीत त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर होतं, त्यामुळे त्यांचे सगळे हट्ट मी लहानपणापासून गॅलरीत उभी राहून फुकटात पाहिले. दिसायला अगदी गरीब गाय. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, आणि शर्टाची वरची गुंडी मे महिन्यातही लावलेली. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरीच चालत आलेली. वाडवडिलांनी जन्मभर जे वाकून सलाम केले, ते सगळे ह्यांनी एकट्याने परत घ्यायचे ठरवले होते की काय कोण जाणे.

आता ते कायदा मोडत असतील असं कुणाला वाटेल, तर छे! कायद्याला त्यांच्याइतका जपणारा माणूस मिळायचा नाही. सायकलला दिवा लावायची रीत गावातून उठून गेली, तरी ह्यांचा दिवा दिवेलागणीला लागलेला असायचाच. भांडण होतं ते हुकुमाशी. मला पुस्तकं घ्यायला ते सुलतान बाजारात नेत. चौकातल्या पोलिसाने हात आडवा केला की आतोबा जागच्या जागी थांबत, कारण तो कायदा. पण तोच पोलीस मग "चलो, चलो, जल्दी चलो" म्हणून ओरडला की हे हलायला तयार नसत. मागे रिक्षावाले भोंगे वाजवतायत, मी त्यांची बाही ओढतेय, आणि हे शांतपणे मला समजावतायत, "कायदा सगळ्यांनी मिळून केलेला असतो बेबी. हुकूम एकाच माणसाच्या डोक्यातून निघतो. त्याला जरा वेळ थांबवावं." पोलीस कंटाळून दुसरीकडे वळला की मग आम्ही रस्ता ओलांडायचो. त्या एका चौकापायी माझी किती पुस्तकं बंद दुकानातच राहिली.

एखादा मोठा पुढारी वारला आणि सरकारने सुटी दिली की सारी कचेरी सिनेमाला जायची. आतोबा मात्र डबा घेऊन कुलूप लावलेल्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत. "मला दुःख झालं तर मी आपणहून घरी बसेन की. वरून सांगून दुःख होतंय होय?" एकदा कुण्या मंत्र्याच्या सभेला सगळ्या कारकुनांना बसमध्ये भरून नेलं होतं, टाळ्या वाजवायला. आतोबा हाताची घडी घालून बसले. भाषणाच्या मध्येच माईक बंद पडला. माईकवाल्याने धावत येऊन तारा जोडल्या आणि तो सुरू केला, तेव्हा त्या भरल्या मंडपात एकट्या आतोबांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून कचेरीत त्यांच्याबरोबर डबा खायला कुणी बसेना. नाही म्हणणाऱ्या माणसाचं कौतुक लोक लांबून करतात. शेजारची खुर्ची रिकामीच राहते. आतोबा त्या खुर्चीवर आपली छत्री ठेवत.

हा एवढा मोठा बंडखोर घरात मात्र आत्याचा शब्द खाली पडू देत नसे. "अहो, तेवढं पीठ दळून आणा," "अहो, ती माळ्यावरची परात काढा," आणि हे निमूट पिठाचा डबा उचलून चालायला लागत. मी एकदा डिवचलं, "आतोबा, हा हुकूम नाही का?" तर म्हणाले, "अगं, ती तिच्यासाठी थोडंच सांगायली? भाकरी मीच खाणार ना." त्यांना मूलबाळ नव्हतं. पहाटे आत्या दारापुढचं झाडून सडा घालायची, रांगोळी काढायची, आणि आतोबा ओट्यावर चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत बसायचे. दोघं बोलत नसत फारसे. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना एकमेकांचा कंटाळा आला असेल. लग्न झाल्यावर मला कळलं की न बोलता असं बसता येणं केवढी मोठी चैन आहे.

आत्या गेली आणि तेराव्यानंतरच्या सकाळी खराट्याचा आवाज आला म्हणून मी गॅलरीत धावले. क्षणभर वाटलं आत्याच. बघते तर आतोबा, शर्टाची वरची गुंडी लावून, दारापुढचं झाडतायत. आत्या आपल्या दारापुरतं झाडायची, पण ह्यांना थांबायचं कुठे ते कळेना. झाडत झाडत ते पार कोपऱ्यावरच्या चाचांच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेले. मग तो रोजचाच परिपाठ झाला. सडा जमला, रांगोळी काही जमेना. त्यांच्या मोरांची बदकं व्हायला लागली आणि बदकांचं तर काहीच होईना. शेवटी त्यांनी उंबऱ्यापुढे रांगोळीची एक सरळ रेघ ओढायला सुरुवात केली, कचेरीत बेरजेखाली ओढतात तशी. एवढी सरळ रेघ की आम्ही पोरीबाळी ती ओलांडताना फ्रॉक सावरायचो. हळूहळू आमची गल्ली साऱ्या गौलीगुड्यात स्वच्छ म्हणून नावाजली गेली, आणि तिथेच घात झाला.

तो काळ नव्या वाऱ्याचा होता. घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, नाक्यानाक्याला एसटीडीचे बूथ निघाले होते, आणि सरकारलाही काहीतरी नवं करून दाखवायची घाई झाली होती. अशात फर्मान निघालं की सगळ्या सरकारी नोकरांनी आपापल्या वस्तीत श्रमदान करायचं, स्वेच्छेने. जो स्वेच्छेने येणार नाही त्याच्यावर कारवाई होईल. आतोबांनी पेपरातलं हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसले म्हणून मलाही बरं वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

श्रमदानाला वरच्या साहेबांनी आमचीच गल्ली निवडली. फोटो चांगले येतील म्हणून. पण आदल्या दिवशी पाहणीला आलेल्या माणसांच्या लक्षात आलं की इथे झाडायला काहीच नाही. मग संध्याकाळी पालिकेचा एक ट्रॅक्टर आला आणि कुठून कुठून गोळा केलेला पाला, कागद आणि नारळाच्या करवंट्या आमच्या गल्लीत व्यवस्थित पसरून गेला. आतोबा ओट्यावर उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी जमली, कोऱ्या झाडूंचे गठ्ठे आले, फोटोग्राफर आला. माझे वडील, अप्पा, बँकेत, म्हणजे तेही अर्धे सरकारीच, त्यांनीही लुंगी सोडून पॅंट घातली आणि झाडू घेतला. आणि आतोबा? इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, हातात चहाचा कप. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी गल्ली झाडली नव्हती.

वरून आलेले साहेब हसत हसत जवळ आले. "सार, सुना मैं, आप तो रोज झाडते कते. फोटो में सामने आपीच होना."

"रोज करतो, इसी वास्ते आज नहीं करता," आतोबा म्हणाले. मग म्हणाले, "चाय पीते क्या?"

साहेबांनी चहा घेतला नाही. त्यांनी आतोबांचं नाव आणि खातं विचारलं, आणि आतोबांनी ते इतक्या अगत्याने सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं बढतीच देतायत.

आठवडाभराने कचेरीत बोलावणं आलं. पुढच्या श्रमदानाला झाडू धरून एक फोटो काढून घ्या, प्रकरण मिटलं. नाहीतर समुद्राकाठच्या एका लांबच्या जिल्ह्यात बदली. नोकरीची शेवटची वर्षं राहिलेली, वय झालेलं, खायला घालणारं कुणी नाही. पण खरी गोष्ट ती नव्हती, आणि ती गल्लीत मला एकटीलाच कळत होती असं मला आजही वाटतं. पहाटेचं ते झाडणं म्हणजे आतोबांचं आत्याबरोबर बसणं होतं. झाडू धरला असता तर गल्ली राहिली असती, पण ते झाडणं सरकारजमा झालं असतं. नाही धरला तर दार, उंबरा, ओटा, सगळंच सुटत होतं. दोन्हीकडून आत्याच जाणार होती. मला फार रडू आलं होतं तेव्हा.

अप्पा समजवायला गेले, मी मागे उभी. "दाजी, काय सोनं लागलंय त्या झाडूला? रोज धरताच की. एकट्या माणसाने सरकार हलतंय का कधी?"

"सरकार हलावं असं मी कुठं म्हणायलो?" आतोबा म्हणाले. "मला हलायचं नाही, एवढंच."

कोपऱ्यावरचे चाचा तर दुकान सोडून आले. "साब, सरकार से कायकू लगते? एक फोटू का सवाल है. खींच लेन दो, बाद में फाड के फेक देंगे." आतोबांनी त्यांचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. पण मान काही हलवली नाही. त्यानंतर गल्लीतले लोक जरा अंतर ठेवूनच वागायला लागले. वाईट म्हणून कुणी वागलं नाही, पण सगळ्याच घरांत कुणी ना कुणी सरकारी नोकर होता. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायला येणारे एकेक करून येईनासे झाले. सकाळी खराट्याचा आवाज मात्र यायचाच, आणि ज्यांच्या दारासमोर तो यायचा त्यांची दारं तो लांब जाईपर्यंत उघडायची नाहीत.

बदलीचा हुकूम आला आणि आतोबांनी तो मानला, कारण बदली नोकरीच्या कायद्यात होती. अप्पा आणि मी बसस्टँडवर पोचवायला गेलो. एक वळकटी, एक ट्रंक, छत्री. खराटा दाराच्या मागे ठेवला होता. मी विचारलं, "आतोबा, गल्ली झाडायला सांगू का कुणाला?"

"नक्को गं. सांगितलं की हुकूम होतो." बस सुरू झाली तेव्हा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "कुणाला आपणहून वाटलं तर झाडील."

कुणाला वाटलं नाही. चाचांनी काही दिवस आपल्या दुकानापुढचं झाडलं, मग त्यांचेही गुडघे दुखायला लागले. माझं लग्न होऊन मी गावातल्या गावातच चिक्कडपल्लीला गेले. श्रमदानाची मंडळी पुन्हा एकदा आमच्या गल्लीत आली म्हणे, पण आता कचरा बाहेरून आणावा लागला नाही. पुढे तेही थंडावलं. सरकारला दुसरं काहीतरी सुचलं असावं.

निवृत्त होऊन आतोबा परतले तेव्हा बरेच वाळले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा घेऊन बाहेर पडले, तर गल्लीत एक बाई आधीच झाडत होती. अंगात हिरवा कोट, तोंडाला फडकं. गल्ल्यांची साफसफाई आता कंत्राटाने दिली होती, देखरेखीला एक मेस्त्री. आतोबा कोपऱ्याकडून झाडायला लागले तशी ती धावत आली, "नक्को सार! तुम झाडे तो मेस्त्री मेरी हाजरी काटता." आणि साऱ्या सरकारला न वाकलेल्या आमच्या आतोबांनी खराटा खाली ठेवला. मी रविवारी गेले तेव्हा हा किस्सा त्यांनी हसत हसत सांगितला. मी म्हटलं, "काय आतोबा, शेवटी हरलात ना?" तर म्हणाले, "अगं, तिने हुकूम कुठं केला? तिने मागितलं." पण आता पहाटे उठून काय करायचं ते त्यांना कळेना. चहाचा कप घेऊन ओट्यावर बसत आणि ती झाडताना बघत.

ते काय बोलले तिच्याशी, की काहीच बोलले नाहीत, मला माहीत नाही. थोड्याच दिवसांनी ती बाई सारी गल्ली झाडायला लागली आणि आतोबांच्या दारापुढचा तेवढा तुकडा सोडून पुढे जायला लागली. आत्याचा सडा पडायचा तेवढाच. ती पुढे गेली की आतोबा उठायचे, तेवढं झाडायचे, सडा घालायचे आणि उंबऱ्यापुढे रेघ ओढायचे. मग कोपऱ्यावर चाचांच्या दुकानाशेजारच्या टपरीवर जाऊन तिच्यासाठी चहा सांगायचे.

मध्यंतरी आतोबा वारले. त्यांचे दिवस करायला मी आणि अप्पा त्या घरात राहिलो होतो. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती झाडूच्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं. ती बाई कोपऱ्यापासून झाडत आली, आतोबांच्या दारापर्यंत पोचली, बंद दाराकडे पाहून जरा थांबली, आणि तेवढा तुकडा सोडून पुढे गेली. झाडून निघालेल्या गल्लीत तेवढ्याच चौकोनावर पाला पडून होता. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी दार उघडलं, मागचा खराटा घेतला आणि झाडायला लागले. सडा घातला. रांगोळीचा डबा आत्याच्या जागेवरच होता. खाली बसून मी रेघ ओढली, ती बरीच वाकडी आली.