बरणीतला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नव्हता. सोलापुरात बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून गोळेवाल्याकडे येणारी लादी. तरी बी.एस्सी.च्या वर्षांत माझा बहुतेक वेळ दक्षिण ध्रुवावर गेला.

कॉलेजच्या ग्रंथालयात एक परदेशी विज्ञान मासिक यायचं. माझ्याशिवाय ते कुणी उघडत नसावं, कारण खूण म्हणून ठेवलेलं माझं बसचं तिकीट पुढच्या खेपेला तिथंच सापडायचं. त्यात तंबूत राहून बर्फाला खोल भोकं पाडणारी माणसं होती. बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे ती जपून ठेवत. ती हवा आपल्या सगळ्यांच्या आधीची. काही जण बोटीवरून समुद्रात बाटल्या सोडून वेगवेगळ्या थरांतलं पाणी वर काढत. ध्रुवापाशी बुडालेलं थंड पाणी तळातळानं सरकत आपल्या हिंदी महासागरापर्यंत येतं, असं ते सांगत. वाचलं की हे कुणाला तरी सांगावंसं वाटे. आमची शाळा इंग्रजी, दुकान मराठी, घरात आत्या कन्नड बोलायची. मी तिन्हींत थोडी थोडी गप्प असे.

आई मी लहान असतानाच गेली होती. अप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं. एम.एस्सी.साठी पुण्याला जाऊन हवामानशास्त्र शिकायचं आहे, हे मी त्यांना जेवताना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत.

"तिथं एकटी राहणार तू," ते म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक आलं तरी आत पळतीस. महिला मंडळात शनिवारी भाषणं असतात की. तिथं चारचौघींत बोलून दाखव, मग फॉर्म आणू."

"आणि नाही बोलता आलं तर?"

"तर इथंच बी.एड. कर."

"कशावर बोलणार गं?" आत्यानं विचारलं.

"अंटार्क्टिकावर."

"शिव शिव. लोणच्यावर बोल की."

बोलायची भीती होती, म्हणून मी दाखवायचं ठरवलं. बिस्किटांची मोठी काचेची बरणी घेतली. शेजारी पद्मशाली विणकर कुटुंबाकडे सूत रंगवायचे, तिथून चिमूटभर लाल रंग आणला. गल्लीतल्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये, औषधांच्या शेजारी, लाल पाण्याचा बर्फ केला. घरी नळाच्या पाण्यात तो सोडला की लाल धागे वळत वळत सरळ तळाला जात. रोज करून पाहिलं. रोज बुडे. माझी बोटं लाल झाली आणि बोलायचं पहिलं वाक्य पाठ झालं.

शनिवारी भाषण सुरू व्हायच्या आधी मला वाटलं, समुद्र दाखवायचा तर पाणी खारट पाहिजे. मी मंडळाच्या स्वयंपाकघरातून खडे मीठ मागून घेतलं आणि मुठी मुठीनं बरणीत विरघळवलं. चव घेऊन पाहिली. समुद्राची चव मला माहीत नव्हती. तोंड वेडंवाकडं झालं तेव्हा पुरे केलं.

सतरंजीवर बायका बसल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात, खिडकीला पाठ लावून, अप्पा बाकावर बसले होते. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, थंड पाणी जड असतं म्हणून बुडतं, आणि थर्मासमधला लाल बर्फ बरणीत सोडला.

तो वितळला. लाल पाणी वरच पसरलं, सायीसारखं. एक धागाही खाली गेला नाही.

"बुडतंय का गं? मागं दिसंना," एकीनं विचारलं.

"बुडंना की," पुढची म्हणाली. "पाणीबी हिच्यासारखंच लाजाळू हाय."

सगळ्या हसल्या. दुष्टपणानं नाही, पण हसल्या. मी बर्फाचा आणखी एक खडा सोडला. तोही वरच. पुढचं वाक्य येईना. मी बरणीवर वाकून बघत राहिले, आणि बघता बघता बायका, खिडकी, अप्पा सगळे दूर गेले. मासिकातला एक परिच्छेद मी कितीदा वाचला होता: समुद्र गोठतो तेव्हा मीठ मागे टाकतो. उरलेलं पाणी अधिक खारट, अधिक जड होतं. बुडतं ते पाणी. वितळलेला बर्फ गोडा. खाऱ्या पाण्यावर तो तरंगणारच. बरणी चुकलीच नव्हती.

मान वर केली तेव्हा अध्यक्षीणबाई आभार मानत होत्या आणि चहा फिरत होता.

घरी जाताना अप्पांच्या एका हातात रिकामी बरणी होती. दुकानं बंद होत होती. मी बी.एड.चा विचार करत चालले होते.

"का नाही बुडालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. मराठी अडलं तिथं कन्नड, तेही अडलं तिथं इंग्रजी. मीठ, गोठणं, तळातून येणारा प्रवाह, बुडबुड्यातली हवा. आमच्याच दुकानाच्या बंद शटरसमोर आम्ही थांबलो होतो, हे मला नंतर कळलं.

"मला निम्मं समजलं नाही," अप्पा म्हणाले. "हे तिथं का नाही बोललीस?"

"कुणी विचारलं नाही."

त्यांनी बरणी या हातातून त्या हातात घेतली. "पुण्यात विचारतील?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कदाचित."

घरी चपला काढताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या फोटो काढून ये. फॉर्मला लागंल."

आत्या आतून म्हणाली, "मग घरात उरलं कोण?"

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं आणि हनुवटी वर करायला सांगितली. लाल बोटं मी पदराखाली घेतली. मग आठवलं, त्या फोटोत हात येतच नाहीत.