घणाच्या जागी

आमच्या दिवा गावात माणसांना प्यायच्या पाण्याची मारामार, पण महिपत लोहाराच्या सुऱ्याला पाणी चोख पाजलेलं असायचं. मटणवाले त्याचे सुरे न्यायचे, कोलशेतच्या कोळणी कोयते न्यायच्या आणि सगळे म्हणायचे, काय हात आहे महिपतचा! मला हसू यायचं. त्याच्या हातात फक्त सांडशी आणि छोटी हातोडी. घण उचलायची ती त्याची बायको, गोदूबाई.

त्यांच्यात तशी रीतच. नवरा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून ऐरणीवर धरतो आणि जिथे घाव हवा तिथे हातोडीने टक् करून दाखवतो. बायको तिथेच घण घालते. तोंडाने बोलायचं नाही. टक्, धाड. टक्, धाड. त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळे माझी सकाळ त्याच तालावर उजाडायची. वैतागायचे मी, खोटं कशाला सांगू.

मग घण मधेमधे थांबायला लागला. गोदूबाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. शेवटच्या बाळंतपणानंतर सुरू झालेलं दुखणं, घण उचलून उचलून वाढलेलं. कमरेला फडकं आवळून तिने ते सोसलं आणि नवऱ्याला सांगायची तिला लाज वाटली. शेवटी मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घण बंद, नाहीतर ऑपरेशन करूनही काही उपयोग नाही. हे मी घरी येऊन महिपतला तोंडावर सांगितलं. आधी तो माझ्यावरच खेकसला. मग भट्टीपुढे बसून रडला.

गडी ठेवून पाहिला, तो आठवड्यात पळाला. हे एक्याण्णव सालातलं. तेव्हा कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक प्रेस घे, घणाचं काम तीच करते. माझ्या यजमानांचा, विश्रामचा, टेम्पो होता. त्यातून आम्ही चौघं डोंबिवलीला कारखान्यांच्या मागे गोपीनाथ भंगारवाल्याकडे गेलो.

त्याच्याकडे दोन मशिनी होत्या. एक धाकटी, माझ्या खांद्याएवढी. खटाखट खाली, खटाखट वर, पायाखालची जमीन हादरायची. दुसरी दारापेक्षा उंच, शंभर टन दाबाची. गोपीनाथने तिच्यात लोखंडाची कांब ठेवली. वरचा दट्ट्या हळूहळू खाली आला आणि आवाज न करता कांब भाकरीसारखी चपटी झाली.

"घरच्या लायटीवर चालंल का?" महिपतने विचारलं.

"चालेल ना! छोटी मोटार लावून देतो. दाब तेवढाच पडणार. दट्ट्या अजून जरा सावकाश येईल, एवढंच."

महिपत गोदूबाईकडे वळला. "घण तुजा व्हता. तूच निवड."

आयुष्यात त्याने बायकोला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने पदराला हात पुसला आणि मोठ्या मशिनीवर ठेवला. "ही घ्या. कसं दमानं काम करती बगा. त्या धाकटीला नुसतं बगून माज्या पोटात हादरा बसतुया."

दोघांची होती नव्हती ती पुंजी त्यात गेली. मशीन दाराशी उतरली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, अख्खी चाळ गोळा झाली. भट्टीतून पिवळाधमक तुकडा काढून महिपतने आत धरला आणि गोदूबाईने हसत दांडा ओढला. दट्ट्या निघाला. दमानं. पिवळं लोखंड लाल झालं, लालाचं काळं झालं, तेव्हा कुठे दट्ट्या टेकला. तुकडा जेमतेम दबला. पुन्हा तापवला, पुन्हा तेच. जास्त तापवला तर लोखंडच जळून गेलं.

गोपीनाथकडे त्यांनी थंड कांब दाबलेली पाहिली होती. लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा, हे शेंबडं पोरही सांगेल. जन्म भट्टीपुढे काढलेल्या या दोघांना त्या दिवशी ते सुचलं नाही. दोघांच्याही डोक्यात तेव्हा गोदूबाईचं पोट होतं, दुसरं काही नव्हतं.

धाकटी तोवर विकली गेली होती आणि मोठी परत घ्यायला गोपीनाथ तयार नव्हता. जोरकस मोटार लावायची तर कारखान्याची लाईन हवी. आमच्या चाळीत पंखा धड फिरत नव्हता. मशिनीवर गोदूबाई वाळवणं घालायला लागली. गटारी तोंडावर आली, मटणवाले सुऱ्यांसाठी खेटे घालून दुसरीकडे गेले. महिपतच्या घरात दोनदा पेटणारी चूल एकदाच पेटायला लागली.

एका सकाळी भिंतीपलीकडे भाता ऐकू आला. मी धावत गेले. महिपतने तापलेला तुकडा ऐरणीवर धरला होता. हातोडीचा हात मांडीवर तसाच पडलेला. समोर गोदूबाई, कमरेला फडकं आवळून, घण खांद्यावर उचलून उभी.

"अगं गोदू, मरशील!" मी ओरडले.

"निवडली मीच न्हवं का," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तिचा इतका संताप आला आणि त्याहून जास्त त्याचा, पण त्यांच्या चुलीत घालायला माझ्याकडे तरी काय होतं?

महिपत हलेना. तिने घण खांद्यावरून डोक्यावर उचलला.

"आवो, दावा की कुठं मारू. थंड व्हतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हातोडी उचलली आणि लोखंडावर टक् केलं.